उमेदीचा पैरा

आमच्या माणदेशात दोन माणसं बांधावर नाहीतर एसटीच्या थांब्यावर भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय, बरं हाय न्हवं?" उत्तरही ठरलेलं. "बरंच म्हणायचं." बाहेरून आलेल्या माणसाला या उत्तराची गंमत वाटते. बरं आहे की नाही ते सांगावं, त्यात 'म्हणायचं' काय? पण विहीर तळाला गेली आहे, सोसायटीचं कर्ज थकलंय, थोरल्या पोरीचं जमत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. तरी 'बरं' म्हटलं जातं. ते खोटं नसतं, पुरतं खरंही नसतं. दोघं मिळून एक गोष्ट धरून ठेवतात, पडू देत नाहीत, एवढंच.

माझा प्रश्न त्या धरून ठेवण्याचा आहे. माणूस उमेद आणतो कुठनं? आणि त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न, जो मला जास्त टोचतो. दुसऱ्याचे हाल, दुसऱ्याचे कष्ट बघून आपल्याला उभारी येते. "तिचं बघा, एवढ्यातनं ती हसते, मग आपण का रडायचं?" असं आपण सहज म्हणतो. हे म्हणणं कितपत बरोबर? कुणाच्या डोक्यावरचं ओझं बघून आपलं मन हलकं करून घ्यायचं, ही चोरी तर नव्हे?

माण तालुका सातारा जिल्ह्यात येतो. त्याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर. तिथं वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आमच्यापर्यंत येता येता ढग रिकामे होतात. सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरीचा काही भरवसा नाही. एका साली बरा पडतो, दोन साल पाठ फिरवतो. अशा मुलखात माणूस मृगाच्या तोंडाला बी-बियाणं काढून बसतो, आभाळाकडं बघतो, पाऊस नसला तरी कुळव मारून रान तयार ठेवतो. पुस्तकातल्या हिशेबानं बघितलं तर हा वेडेपणा ठरेल. पण पिढ्यान् पिढ्या तो चालला आहे.

आपल्या भाषेत या गोष्टीला तीन शब्द आहेत आणि तिन्हींचा गुण वेगळा आहे. हुरूप हा जत्रेसारखा. येतो तेव्हा वाजतगाजत येतो, दुसऱ्या दिवशी पाल उठलेले असतात. उमेद त्यापेक्षा चिवट. ती असते किंवा खचते. तिसरा शब्द उभारी. हा शब्द मला फार आवडतो, कारण उभारी धरताही येते आणि देताही येते. "त्यानं मला उभारी दिली" असं आपण म्हणतो. म्हणजे ही चीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते, हे आपल्या जुन्या माणसांना माहीत होतं. जी वस्तू हातातून हातात जाते, तिचा देण्याघेण्याचा काही रिवाज असणारच.

तो रिवाज मला आजीच्या एका गोष्टीतून कळला.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला आठवते ती मिलोची भाकरी. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी थापताना कडा तुटायच्या, आणि खाताना घास तोंडातच फिरत राहायचा. आठवते ती सुकडी, जी घ्यायला आम्ही पोरं वाटी घेऊन रांगेत उभी असायचो. आणि आठवतो तो रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायकांचा आवाज. शंभर-दीडशे हातोड्या एकदम चालायच्या. लांबून ऐकलं की गारा पडल्यासारखं वाटायचं, आणि पाऊस आला म्हणून माणूस फसायचा.

आजी आणि आई दोघी त्या कामावर होत्या. पुढं मी मोठा झाल्यावर आजी त्या दिवसांबद्दल बोलायची, आणि बोलताना हसायची. एक बाई मुकादमाच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करायची. हातोडीच्या तालावर उखाणे व्हायचे. कुणाच्या नवऱ्याचं नाव कुणाच्या तोंडून काढून घ्यायचं, यावर पैजा लागायच्या. मला हे पटायचं नाही. पोटात धड अन्न नाही, हाताला फोड आलेत, दावणीची जनावरं विकलीत, आणि ह्या हसत होत्या?

मी एकदा विचारलंच. "आजी, उपाशी पोटानं हसू यायचं कसं गं?"

आजीनं सुपातलं धान्य पाखडता पाखडता सांगितलं, "मग रडून खडी बारीक हुती व्हय रं?"

हे उत्तर मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आलो. ऐकणारा 'वा' म्हणतो. पण आजीची गोष्ट तिथं संपत नव्हती, आणि खरं मोल पुढच्या भागाचं आहे. त्या कामावर एक लेकुरवाळी बाई हिवतापानं पडली. घरी बसली तर मजुरी बुडणार, म्हणून ती यायची, पण हातोडी उचलवायची नाही. खडीचं काम ढिगावर. ढीग मापात भरला तर पैसा. बाकीच्या बायकांनी आपसांत काही ठरवलं नाही, सभा घेतली नाही. जिचा ढीग जवळ होता तिनं जाता-येता दोन पाट्या हिच्या ढिगावर ओतल्या. मग पलीकडचीनं दोन ओतल्या. हप्त्याच्या मोजणीला तिचा ढीग भरलेला होता. मुकादमाला कळलं असणारच. त्यानं पट्टी लावली, आकडा लिहिला आणि पुढं गेला.

"तिनं मग काय केलं?" मी विचारलं.

"काय करंल? बरी झाली. पुढं दोन-तीन सालानं तुझ्या आत्याचं बाळंतपण हितं झालं, तवा सव्वा महिना पाणी तापवायला पहाटं येत हुती. कुणी बोलावलं न्हवतं. पैरा हुता त्यो. फेडला तिनं."

पैरा म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. माझ्या रानात आज ज्वारीची काढणी आहे. मजूर लावायला पैसा नाही. मग शेजारची चार घरं माझ्या रानात येतात. परवा त्यांच्यातल्या एकाची काढणी असते, तेव्हा माझ्या घरचं माणूस त्याच्या रानात जातं. दिवसाला दिवस. पैशाची बात नाही. कुठं याला सावड म्हणतात, कुठं वारंगुळा म्हणतात. आमच्याकडं पैरा. पैरा करायचा आणि पैरा फेडायचा. न फेडणाऱ्याला कुणी कोर्टात खेचत नाही, पण पुढच्या सुगीला त्याच्या रानात कोणी फिरकत नाही.

या व्यवहारातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पैरा घेताना कुणाची मान खाली जात नाही. मदत घेणाऱ्याला मिंधेपणा येतो, दान घेणाऱ्याला येतो. पैऱ्यात तो येत नाही, कारण उद्या आपल्यालाही जायचंय हे दोघांना ठाऊक असतं. आणि ज्या घरात रानात राबणारं माणूसच उरलं नाही, त्या घरचा पैराही अडत नाही. तिथली म्हातारी सगळ्यांच्या भाकरी करते, नाहीतर बांधावर बसून तान्ही पोरं सांभाळते. तिचाही दिवस दिवसातच धरला जातो.

उमेदीचंही असंच आहे, हे मला 2013 साली पटलं. त्याआधीचं साल, 2012, आमच्याकडं कोरडं गेलं. उन्हाळ्यात जनावरं छावणीला, माणसं टँकरच्या मागं. माझी डाळिंबाची 400 झाडं होती, भगव्या जातीची. ती मी विकतच्या टँकरच्या पाण्यावर जगवली. झाडाच्या बुडाला पाचट अंथरलं आणि पाणी घोटाघोटानं दिलं. बायकोच्या पाटल्या त्या पाण्यात गेल्या. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा आम्ही दोघं पडवीत उभं राहून भिजणाऱ्या झाडांकडं बघत होतो. जगली एकदाची, असं वाटलं.

पण डाळिंबाला कोरडा दुष्काळ जितका वाईट तितकीच ढगाळ, दमट हवाही वाईट. त्या पावसाळ्यात झाडांवर तेल्या आला. पानावर तेल सांडल्यासारखे डाग पडतात, म्हणून नाव तेल्या. रोग जिवाणूचा. पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, छाटणीच्या कात्रीबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. फळाला काळे डाग येतात, मग ते तडकतं. औषधं मारून बघितली. शेवटी बाग काढून जाळावी लागली. दुष्काळात जगवलेली झाडं पावसानं नेली. याला काय म्हणावं?

बाग जाळल्यावर दोन महिने मी काही केलं नाही. सकाळी उठावं, चहा प्यावा, पडवीत बसावं. लोक येत होते. "धीर धर", "होईल सगळं नीट", "अमक्याचं तर याहून वाईट झालं, तरी बघ कसा उभा राहिला." हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्या अमक्याचा मला राग यायला लागला. बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं. तो आपला उभा राहिला होता. पण त्याचं उभं राहणं माझ्यापुढं बाकी वसुलीच्या कागदासारखं धरलं जायचं. दुसऱ्याचं उदाहरण अशा वेळी माणसाला उठवत नाही, आणखी दाबतं. आधीच खचलेल्या माणसाला वर हेही वाटू लागतं की आपण खचलो हा आपला गुन्हा.

दिवाळी झाली आणि धनगरांचे वाडे खाली सरकायला लागले. दरसाल जातात, पोटासाठी चारा शोधत पश्चिमेकडं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि करडं बांधलेली, मागं मेंढरांचा लोंढा. एका संध्याकाळी त्या वाड्यातली एक बाई आमच्या अंगणात आली. पन्नाशीची असेल. म्हणाली, "दादा, खालचं रान मोकळं दिसतंया. मेंढरं बसवू का दोन रात?"

मेंढरं रानात बसवली की लेंडी आणि मूत रानात मुरतं. खताचं ते सोनं. त्याबद्दल रानमालक धान्य किंवा पैसे देतो. मी म्हणालो, "आक्का, रानात काय करायचंच नाही मला. खत कशाला? आणि द्यायला पैसाही नाही."

तिनं रानाकडं बघितलं. जळक्या बुडख्यांकडं बघितलं. "रानाला ठाव हाय व्हय तुला काय करायचं न्हाय ते?" असं म्हणाली. मग म्हणाली, "पेरशील तवा दे. न्हाय पेरलंस तर नगं देऊ. मेंढरांना कुठंतरी बसायचंच हाय."

तिनं मला धीर दिला नाही. तिचं त्या पावसाळ्यात काय काय गेलं ते ती बोलली नाही. ते मला तिच्या सासऱ्याकडून नंतर कळलं. रोगानं तिची पंधरा-वीस मेंढरं गेली होती. रात्री वाघर लावून त्यांनी मेंढरं बसवली. मी पडवीतून त्यांच्या चुलीचा उजेड बघत होतो. इथं जर गोष्ट थांबली असती तर मीही लोकांना सांगितलं असतं की एका धनगरणीला बघून मला उमेद आली. ते खरं ठरलं नसतं. तिला बघून मला बरं वाटलं, इतकंच. सकाळी ते ओसरलंही असतं.

सकाळी ती परत आली, सोबत आठ-नऊ वर्षांची नात. ओच्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. "दादा, वाचायला येतं न्हवं तुला? ह्यो कागद गुरुजींनी दिलाय. पोरगी साळंत हुशार हाय म्हणत्यात. आमी तर चाललो. पंधरा दिस हितल्या शिवारात हाय. तवर तुमच्या साळंत बसवून घेतील का?"

कागदावर मुलगी कुठल्या वर्गात आहे, तिला काय काय येतं, ते गावच्या गुरुजींनी लिहिलं होतं. शिक्षणहक्काचा कायदा 2010 पासून लागू आहे. दाखला नाही, कागद कमी आहे म्हणून मुलाला शाळेत घ्यायचं नाही, असं चालत नाही. पण कायदा पुस्तकात असतो, आणि शाळेच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला तो बोलून दाखवता येत नाही. मी शर्ट चढवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा दाढी केली. पोरीला गाडीवर बसवून शाळेत गेलो. बाईंनी कागद बघितला, पोरीला एक धडा वाचायला सांगितला, आणि तिसऱ्या रांगेत जागा करून दिली. पाटी-पेन्सिल मी दुकानातून घेऊन दिली. सारं मिळून तासाभराचं काम.

येताना मी वाट वाकडी करून रानात गेलो. बुडखे अजून किती खणायचे राहिलेत ते मोजलं. दोन महिन्यांत मी ते मोजले नव्हते.

मला त्या तासानं काय केलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तिचे कष्ट बघून जे मिळालं नव्हतं ते तिच्या उपयोगी पडल्यावर मिळालं. खचलेल्या माणसाला वाटत असतं की आपण आता कुणाच्या कामाचे राहिलो नाही. त्याच्यापुढं दुसऱ्याचा पराक्रम ठेवला की ते वाटणं आणखी घट्ट होतं. त्याच्यापुढं दुसऱ्याची गरज ठेवली तर ते सैल होतं. आक्कानं मला खत दिलं आणि काम दिलं. दोन्ही न मागता. तिनं माझ्याकडं बिचारा म्हणून बघितलं नाही, वाचता येणारा माणूस म्हणून बघितलं. मी तिचा पैरा फेडला की तिनं माझा, हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

त्या रानात पुढच्या साली ज्वारी केली. मेंढरं बसली होती तेवढ्या पट्ट्यात ताटं हिरवीगार, काळपट दिसायची. बाकीच्या रानातली पिवळी. दुरूनही रेघ कळायची.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

आमच्या वस्तीवर एक बाई दीड-दोन मैलांवरून पाणी आणायची. वस्तीचा हातपंप कितीतरी महिने मोडून पडला होता. बाई मोठी हसतमुख. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी थट्टा. एकदा गावात कार्यक्रम झाला. तालुक्याहून एक पाहुणे बोलायला आले होते. चांगले बोलणारे होते. त्यांनी वाटेत या बाईला बघितलं असावं. भाषणात म्हणाले की आनंद कसा असावा ते या माउलीकडून शिका, डोक्यावर ओझं आणि चेहऱ्यावर हसू. टाळ्या झाल्या. बाई बायकांत मागं बसली होती. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, आनंद हाय, पर हंडा जड बी हाय."

सभा हसली. पण पाहुण्यांचं भाषण तिथंच उतरलं. माझ्या मते त्या दिवशीचं भाषण बाईचंच होतं, सहा-सात शब्दांचं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही, हे तिनं सांगितलं. तिचा आनंद तिचा स्वतःचा होता. तो तिनं पाणी नसताना मिळवलेला होता. हंडा जड असल्याचा तो दाखला नव्हता, आणि हंडा हलका असल्याचा तर मुळीच नव्हता. आपण मात्र दुसऱ्याच्या हसण्याचा असा दाखला करतो. एकदा ती सुखी आहे असं ठरवलं की हातपंप दुरुस्त करायची जबाबदारी आपल्या अंगावरून उतरते. कौतुक ही फार स्वस्तातली फेड आहे.

त्या सभेनंतर वस्तीवरच्या पोरांनी पंचायतीत जाऊन बसकण मारली. आठवड्याभरात पंप चालू झाला. बाईचं हसणं कमी झालं नाही. उलट थट्टा करायला वेळ जास्त मिळायला लागला.

1972 च्या बायकांचंही तसंच म्हणावं लागेल. त्या हसत हसत खडी फोडत होत्या, म्हणून दुष्काळ सोसायला माणूस तयारच असतो, असा अर्थ कुणी काढला असता तर तो अन्याय झाला असता. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी गावातल्या माणसाला मागेल तेव्हा काम मिळालं पाहिजे ही कल्पना लावून धरली होती. दुष्काळातल्या कामांनी तिची गरज सगळ्या राज्याला दाखवली आणि 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. पुढं 2005 साली देशाचाही तसा कायदा झाला. त्या कायद्यांच्या अंमलात उणिवा पुष्कळ. पण मला त्यात एक पैरा दिसतो. त्या बायकांनी राज्याला धीर दाखवला, राज्यानं त्याची फेड नुसत्या शाबासकीत केली नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला हात जड होतो. माझी बाग गेली त्याच काळात आमच्या शिवारातल्या एका शेतकऱ्यानं जीव दिला. कष्टाळू माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दहाव्याला लोक म्हणत होते, "उमेद हरला." मला हे वाक्य तेव्हाही सहन झालं नाही, आताही होत नाही. उमेद ही एकट्या माणसानं कणगीत भरून ठेवायची गोष्ट असती, तर ती संपली म्हणून त्याला बोल लावता आला असता. ती जर हातातून हातात जाणारी असेल, तर त्याच्याकडं ती पोचली नाही, असंच म्हणावं लागेल. धीर धर म्हणणारे त्याच्या दारात पुष्कळ येऊन गेले होते. 'धीर धर' हा पैरा होत नाही. पैऱ्याला एक दिवस द्यावा लागतो. बँकेत त्याच्याबरोबर जाऊन बसणं, त्याच्या बायकोला माहेरी पोचवणं, नाहीतर त्याला आपल्या रानात कामाला बोलावणं, असं काहीतरी. आणि असा दिवस देऊनही कधी कधी माणूस जातो, हेही खरं आहे. त्यामुळं गेलेल्यालाही बोल लावू नये आणि मागं राहिलेल्यांनाही. जिवंत असलेल्याच्या दारात मात्र जावं.

आमच्याकडं कीर्तनात फळाची आशा धरू नका असं सांगतात. आजी कीर्तन मनापासून ऐकायची आणि घरी येऊन म्हणायची, "फळ नगं तर पेरायचं कशापायी?" तिला वचन कळलं नव्हतं असं नाही. शेतकऱ्याला फळ लागतंच. पोरं जेवायची असतात. पण फळ येईपर्यंत आनंद थांबवून ठेवायचा नाही, हे तिला माहीत होतं. अरणच्या सावता माळ्यांबद्दल परंपरा सांगते की ते पंढरीला गेले नाहीत, त्यांना विठ्ठल मळ्यात भेटला. त्या गोष्टीचा मला कळलेला अर्थ असा, की आनंदाचं गाव कामाच्या पलीकडं नाही. गाडगेबाबांचं आठवा. गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे, गाव झाडायचे, मग भाकरी. न फेडता घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आपण त्यांच्या खराट्याचं चित्र लावतो. खराटा कोपऱ्यात उभा असतो.

तर मग त्या पोटातल्या प्रश्नाचं काय? दुसऱ्याच्या कष्टातून उभारी घ्यावी का? मी म्हणेन, घ्यावी. ती घेतल्याशिवाय कुणाचंच चाललेलं नाही. वाटेवरची माणसं एकमेकांना बघूनच चालतात. पण पैरा म्हणून घ्यावी. घेतली ती अंगावर आहे हे लक्षात ठेवावं. ज्याच्याकडून घेतली त्याचं हसू बघितलं तसं ओझंही बघावं. आणि फेडताना त्याच माणसाला फेडता आली तर उत्तम, तो वाट चालून पुढं गेला असेल तर जो समोर येईल त्याला फेडावी. आक्काचा वाडा त्यानंतर आमच्या शिवाराला आला नाही. पण शाळेच्या दारात घुटमळणारं दुसरं कुणी असतंच.

आता रानात ट्रॅक्टर आला, मळणीचं यंत्र आलं, मजुरी रोखीनं झाली. पैरा कमी झाला आहे. तरी कांद्याच्या लागणीला बायका अजून करतात. आज हिच्यात, उद्या तिच्यात. कुणाचे किती दिवस झाले ते एका वहीत लिहिलेलं असतं, आणि वही बहुतेक शाळेतल्या पोरीच्या हातात असते. शहरात असं रान नाही, पण माणसं तीच आहेत. तुमच्या इमारतीच्या फाटकावर रात्रभर हसून सलाम करणारा वॉचमन असेल. त्याच्याकडं बघून तुम्हाला सकाळी बरं वाटत असेल, तर त्याला बसायला नीट खुर्ची आहे का, आणि पावसाळ्यात वरचं पत्र्याचं छप्पर गळतं का, हे आज घरी जाताना बघा.